इलेक्ट्रॉनिक मतदानाला देश तयार आहे का, हे कशावरून ओळखायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: ज्या देशात वीज अजून धड नाही, शिक्षण सगळ्यांपर्यंत पोचलेले नाही आणि सरकारी यंत्रणेवर लोकांचा पुरता भरवसा नाही, तो देश इलेक्ट्रॉनिक मतदानाला खरोखर तयार असतो का? त्याने मतपत्रिकाच धरून राहावे का? आणि यंत्र चालते असे म्हणायचे असेल, तर थेट मोबाइलवरूनच मत का देऊ नये?

मी महसूल खात्यात नोकरी केली. मतपेटीच्या काळात मतदान अधिकारी म्हणून सुरुवात झाली, पुढे केंद्राध्यक्ष, मग क्षेत्रीय अधिकारी, आणि शेवटची काही वर्षे शिक्षक-ग्रामसेवक-तलाठ्यांना निवडणुकीचे प्रशिक्षण देण्यात गेली. त्यामुळे उत्तर आपल्याकडच्या अनुभवावरून देतो. इतर देशांचे दाखले जिथे खरेच उपयोगाचे आहेत तिथे घेतो.

माझे मत आधीच सांगतो. देश गरीब आहे की श्रीमंत, यावर हे ठरत नाही. हरणाऱ्या उमेदवाराचा पोलिंग एजंट, बहुतेकदा दहावी-बारावी झालेला गावातलाच मुलगा, पहाटेपासून केंद्रावर बसून प्रत्येक टप्पा स्वतःच्या डोळ्यांनी तपासू शकतो का, आणि संध्याकाळी घरी जाताना त्याच्या हातात पुरावा म्हणून काही कागद राहतो का, यावर ते ठरते. जिंकणारा कधी तक्रार करत नाही. सगळी व्यवस्था हरणाऱ्यासाठी असते. या कसोटीला आपले मतदान केंद्र बऱ्यापैकी उतरते, मतमोजणी अर्धीमुर्धी उतरते, आणि मोबाइलवरचे मतदान मुळीच उतरत नाही.

आधी गरिबी-श्रीमंतीचा मुद्दा संपवू. आयर्लंडने सुमारे 5 कोटी युरो घालून मतदान यंत्रे घेतली, त्यांवर लोकांचा विश्वास बसेना म्हणून ती वर्षानुवर्षे गोदामात ठेवली आणि 2009 मध्ये सगळा बेतच रद्द केला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने त्याच वर्षी, 3 मार्चला, तिथली यंत्रे घटनाबाह्य ठरवली. कारण फार नेमके दिले: मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, कसलेही तांत्रिक ज्ञान नसताना, तपासता आले पाहिजेत. यंत्रांत घोटाळा झाला असे ते न्यायालय म्हणाले नाही. तपासता येत नाही, एवढेच पुरेसे ठरले. मी जी पोलिंग एजंटची कसोटी म्हणतो, ती हीच.

विजेचे म्हणाल तर आपल्या यंत्राला वीज लागतच नाही. कंट्रोल युनिट, म्हणजे मते साठवणारा अधिकाऱ्याकडचा भाग, आणि व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापून दाखवणारे उपकरण, बॅटरीवर चालतात. मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या शाळेत खांबावर तारा असोत वा नसोत, मतदान होते. नेटवर्कही लागत नाही, कारण यंत्र कशालाच जोडलेले नसते. बंगळुरूची बीईएल आणि हैदराबादची ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्या ती बनवतात. ज्यांनी पुढे इंटरनेट, सर्व्हर, बोटांचे ठसे असा पसारा वाढवला, त्या देशांची अडचण झाली. केनियात 2017 साली मतदान कागदावरच होते, पण केंद्रांतून निकाल पाठवण्याची व्यवस्था इलेक्ट्रॉनिक होती. न्यायालयाने सर्व्हर दाखवायला सांगितले, आयोगाने ते नीट दाखवले नाहीत, आणि 1 सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली.

आता शिक्षणाचा मुद्दा. इथे माझा अनुभव लोकांच्या समजुतीच्या उलट आहे. कमी शिकलेल्या माणसाला यंत्र सोपे गेले, अवघड जायची ती मतपत्रिका. ज्यांनी मतपत्रिका मोजल्या नाहीत त्यांना हे पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मतदाराला फुलीचा शिक्का देत असू. त्या फुलीच्या टोकांना फिरते बाण असत. त्यामागे कारण होते: मतपत्रिका चुकीची दुमडली की ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटायची, आणि मोजताना खरा ठसा कोणता आणि उमटलेला कोणता हे बाणांच्या दिशेवरून ओळखता यायचे. म्हणून आम्ही प्रत्येकाला घडी आधी उभी घाला, मग आडवी, असे सांगून सांगून दमत असू. तरी मोजणीला टेबलावर काय यायचे? दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर मारलेला शिक्का. शिक्क्याऐवजी अंगठा. दोघांनाही नाराज करायचे नाही म्हणून दोन्हींवर फुली. कोरी मतपत्रिका. या सगळ्या बाद मतांच्या गठ्ठ्यावर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी तासन्‌तास भांडत, आणि चुरशीच्या लढतीत निवडणूक निर्णय अधिकारी कोणत्या मताला काय म्हणतो यावर आमदार ठरे. बाद झालेली मते कोणाची असत? ज्यांनी आयुष्यात पेन क्वचित धरले अशा माणसांची. ती मते आता बाद होत नाहीत. चिन्हासमोरचे निळे बटण दाबले, लाल दिवा लागला, मत गेले.

ब्राझीलमध्ये हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. तिथे मतदाराला कागदावर उमेदवाराचे नाव किंवा क्रमांक लिहावा लागे. 1996 पासून टप्प्याटप्प्याने फोनसारखे आकडे आणि उमेदवाराचा फोटो दाखवणारे यंत्र आले, 2000 पर्यंत देशभर पोचले, आणि बाद मते एकदम खाली आली. जी मते नव्याने मोजली जाऊ लागली, ती मुख्यतः कमी शिकलेल्या गरिबांची होती. ब्राझीलच्या यंत्रातून प्रत्येक मताचा कागद निघत नाही, ही त्यांची उणीव मी मोठी मानतो. पण गरिबाचे मत मोजले जाणे ही गोष्टही लहान नाही.

मतपत्रिकेची आणखी एक अडचण मराठी माणसाने जवळून पाहिली आहे. 1996 च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधायचे म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने ही फौज उभी केली होती. मतपत्रिका पुस्तिकेसारखी झाली. त्यानंतर संसदेने अनामत रक्कम आणि सूचकांची संख्या वाढवली. 2019 ला तेलंगणात निजामाबादला 185 उमेदवार उभे राहिले, त्यात बहुतेक हळद-ज्वारीच्या भावासाठी लढणारे शेतकरी होते. तिथे प्रत्येक केंद्रावर बारा बॅलट युनिटे, म्हणजे मतदारासमोरच्या बटणांच्या पेट्या, जोडून मतदान यंत्रावरच झाले. एका बॅलट युनिटवर 16 बटणे असतात आणि नव्या पिढीच्या यंत्राला अशी 24 युनिटे जोडता येतात. जुन्याला चारच जोडता येत.

पण यंत्र चालते म्हणून देश तयार आहे असे होत नाही. आपल्याकडे यंत्र पहिल्यांदा 1982 ला केरळात परवूर मतदारसंघाच्या 50 केंद्रांवर वापरले. शिवन पिल्लई 123 मतांनी निवडून आले. हरलेले ए. सी. जोस न्यायालयात गेले आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात मतदान म्हणजे मतपत्रिका. यंत्राला कायद्याचा आधारच नाही. त्या केंद्रांवर मतपत्रिकेने पुन्हा मतदान झाले आणि जोस निवडून आले. मग 1988 मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली, 1998 ला मध्य प्रदेश, राजस्थान, दिल्लीच्या 16 मतदारसंघांत यंत्रे गेली, 1999 ला गोव्याची अख्खी विधानसभा निवडणूक यंत्रावर झाली, आणि 2004 ला देशभर. म्हणजे पहिल्या यंत्रापासून संपूर्ण देशापर्यंत 22 वर्षे. आज कोणी नवा देश दोन वर्षांत हे करू म्हणतो तेव्हा मला त्याची काळजी वाटते.

आता केंद्रावर नेमके काय होते ते पाहा, कारण तयारीचा अर्थ तिथे कळतो.

सात वाजता मतदान सुरू व्हायचे असेल तर साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, सुरू होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग, बाकडी भिंतीला लावलेली, फळ्यावर कालची बेरीज अजून तशीच. एजंट डोळे चोळत येतात. केंद्राध्यक्ष आधी यंत्र रिकामे असल्याचे दाखवतो: कंट्रोल युनिटच्या पडद्यावर प्रत्येक उमेदवारापुढे शून्य, व्हीव्हीपॅटच्या पेटीत एकही चिठ्ठी नाही. मग एजंट स्वतः बटणे दाबतात, किमान 50 मते, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. कोणी कोणाला किती दिली ते वहीत लिहितात. नंतर क्लोज, रिझल्ट. पडद्यावरचा आकडा, चिठ्ठ्यांची मोजणी आणि वहीतली नोंद, तिन्ही जुळली पाहिजेत. मग क्लिअर. आमच्या प्रशिक्षणात ‘सीआरसी’ म्हणजे क्लोज-रिझल्ट-क्लिअर हे आम्ही पाढ्यासारखे पाठ करून घ्यायचो, कारण घाईत क्लिअर राहिले तर मॉक पोलची मते खऱ्या मतांत मिसळतात. चिठ्ठ्या बाहेर काढून प्रत्येकीच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारतात, काळ्या जाड लिफाफ्यात घालून सील करतात. मग कंट्रोल युनिटच्या निकालाच्या कप्प्यावर हिरवी कागदी पट्टी. त्या पट्टीवर छापील क्रमांक असतो. केंद्राध्यक्ष सही करतो, एजंट सही करतात आणि तो क्रमांक स्वतःकडे लिहून घेतात.

दिवसभरात मतदार नोंदवहीत, म्हणजे नमुना 17 ए मध्ये, सही किंवा अंगठा होतो आणि कंट्रोल युनिटवर टोटल दाबले की आतापर्यंतची मते दिसतात. दोन्ही आकडे जुळतात की नाही हे एजंट कधीही विचारू शकतो. संध्याकाळी क्लोज दाबले की यंत्र नवे मत घेत नाही. एकूण आकडा नमुना 17 सी मध्ये भरून त्याची सहीची प्रत प्रत्येक एजंटला द्यावी लागते. मोजणीच्या दिवशी टेबलावर यंत्र आले की आधी सीलचे क्रमांक आणि हा एकूण आकडा जुळवायचा आणि मगच रिझल्ट दाबायचे.

यातल्या कुठल्याही टप्प्याला संगणकशास्त्र कळावे लागत नाही. मला आपल्या व्यवस्थेचे खरे बळ इथे दिसते. यंत्राच्या आतल्या चिपमध्ये काय आहे यावर विद्वानांनी वाद घालावा, घातलाच पाहिजे. 2010 मध्ये हरी प्रसाद, अ‍ॅलेक्स हॉल्डरमन आणि रॉप खोंखराइप यांनी एक खरे यंत्र मिळवून दाखवून दिले होते की ते हातात आले, उघडता आले, तर आतला पडद्याचा भाग बदलून निकाल फिरवता येतो. हरी प्रसादांना त्यानंतर अटक झाली, ते मला तेव्हाही चुकीचे वाटले आणि आजही वाटते. दोष दाखवणाऱ्याला पकडणारी यंत्रणा स्वतःवरचा विश्वास कमी करून घेते. त्यांच्या कामाचे एक फळ म्हणजे कागदाची मागणी जोरात आली. 4 सप्टेंबर 2013 ला नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट पहिल्यांदा वापरले, त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ते टप्प्याटप्प्याने आणायला सांगितले, 2019 ला ते देशभर झाले. सात सेकंद चिठ्ठी काचेतून दिसते आणि पेटीत पडते.

व्हीव्हीपॅटने एक गोष्ट शिकवली, ती भंडारा-गोंदियात. 28 मे 2018 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत भर उन्हाळ्यात ही यंत्रे जागोजाग बंद पडली. 49 केंद्रांवर 30 तारखेला पुन्हा मतदान घ्यावे लागले. प्रखर उजेड आणि हवामानाचा त्यातल्या सेन्सरवर आणि कागदावर परिणाम झाला होता. त्यानंतर खिडकीसमोर किंवा दिव्याखाली व्हीव्हीपॅट ठेवू नका ही सूचना आम्ही प्रशिक्षणात सगळ्यात आधी सांगू लागलो. विदर्भातल्या मे महिन्यात यंत्र कसे वागते हे बंगळुरूच्या कारखान्यात कळत नाही. विकसनशील देशाची तयारी म्हणजे अशा उन्हाची, धुळीची, नदी ओलांडून साहित्य न्यायची तयारी.

आणि यंत्रापेक्षा चूक माणसाच्या हातून होते, याचा हरियाणातला दाखला सगळ्यांनी लक्षात ठेवावा. पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात 2022 ला सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्राच्या निकालात दोन उमेदवारांच्या मतांची अदलाबदल लिहिली गेली आणि हरलेला जिंकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाने यंत्रे आपल्या आवारात आणून पुन्हा मोजायला लावली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये मोहित कुमार 1051 विरुद्ध 1000 असे विजयी ठरले. यंत्रातला आकडा तीन वर्षे बरोबरच होता. लिहिताना चुकले होते. तरीही एका माणसाला सरपंचपदासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले, यात आपली तयारी कुठे कमी आहे ते दिसते.

मोजणीची बाजू मी अर्धीमुर्धी म्हणालो, ती का? 2019 पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच व्हीव्हीपॅट सोडतीने निवडतात आणि बँकेतल्या कॅशियरच्या जाळीसारख्या कठड्यात त्यांच्या चिठ्ठ्या मोजतात. महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभेला 288 गुणिले पाच, म्हणजे 1440 यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या, आणि फरक आढळला नाही असे आयोगाने सांगितले. ते मी मानतो. पण पाच हा आकडा मतांच्या फरकाकडे बघत नाही. समजा मतदारसंघात 350 केंद्रे आहेत आणि त्यातली दहाच बिघडवलेली आहेत. पाच निवडल्यावर त्या दहांपैकी एकही हाती न लागण्याची शक्यता सुमारे 86 टक्के. निम्मी यंत्रे बिघडवली असतील तर मात्र ती निसटण्याची शक्यता जेमतेम तीन टक्के. म्हणजे मोठा घोटाळा या पद्धतीत लपत नाही, थोडक्यातला लपू शकतो. जिथे विजय 40-50 हजारांचा आहे तिथे पाच पुरेत. जिथे तो 200 मतांचा आहे तिथे पाच अजिबात पुरत नाहीत. फरक जितका कमी तितक्या जास्त चिठ्ठ्या मोजायच्या, हा साधा नियम करायला हवा. 26 एप्रिल 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, ते मला समजते. सगळ्या मोजायची गरज नाही. चुरशीच्या जागी जास्त मोजायची गरज आहे. आणि चिठ्ठी व यंत्र यांत फरक आला तर नियमाप्रमाणे चिठ्ठीच खरी धरतात, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

त्याच निकालाने एक चांगली गोष्ट केली. व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची नावे-चिन्हे ज्या उपकरणाने भरतात, ते 45 दिवस सीलबंद ठेवायला लावले. यंत्र कशालाच जोडलेले नसते या विधानात नावे-चिन्हे भरण्याचा हा एकच टप्पा अपवाद आहे आणि तो झाकून न ठेवता उघडपणे दाखवला पाहिजे. हल्ली उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर पडद्यावर दाखवतात. उमेदवारांनी त्या दिवशी माणूस पाठवायला हवा. बहुतेक पाठवत नाहीत.

2024 ला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांवर 48 मतांनी निवडून आले तेव्हा ओटीपीने ईव्हीएम उघडते अशी बातमी पसरली. ओटीपी आकडे संगणकात भरण्याच्या प्रणालीचा होता, यंत्राचा नव्हे. पण लोकांनी विश्वास का ठेवला, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. आपण लोकांना प्रक्रिया समजावून सांगत नाही. त्याच वर्षी विधानसभेला मतदानाचा संध्याकाळी पाचचा आकडा 58.22 टक्के आणि शेवटचा 66.05 टक्के, यावरून केवढे रान उठले. रांगेत उभे असलेल्यांना सहानंतरही मत देता येते आणि पाचचा आकडा फोनवरून गोळा केलेला अंदाज असतो, हे आम्हा लोकांना ठाऊक आहे. पण सगळ्या केंद्रांचे 17 सी त्याच रात्री संकेतस्थळावर टाकले असते तर वाद उभाच राहिला नसता. एजंटांना प्रत मिळतेच, मग सगळ्यांना का नको? याला मला आजवर पटेल असे उत्तर मिळालेले नाही. डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलून केंद्रावरचे चित्रीकरण पाहण्याचा हक्क आणखी आखूड केला, तेही उलट्या दिशेचे पाऊल आहे.

एका हानीबद्दल कोणी बोलत नाही. मतपेट्यांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळत. कोणत्या गावाने कोणाला मत दिले हे कळू नये म्हणून. यंत्र आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा बाहेर येतो, आणि पुढाऱ्याच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी गाववार यादी असते. मग पाण्याची योजना कोणाला आणि रस्ता कोणाला, हे त्या यादीवरून ठरते. अनेक यंत्रांचा एकत्रित निकाल देणारा टोटलायझर आयोगाने 2008 पासून सुचवला आहे, विधी आयोगाने 2015 च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, सरकारने मानले नाही. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत डिसेंबर 2024 मध्ये गावकऱ्यांनी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचे ठरवले, कारण गावाचा आकडा त्यांना पटला नाही. प्रशासनाने जमावबंदी लावली. असे खासगी फेरमतदान कायद्यात बसत नाही हे खरे, आणि दबावाखाली, ओळखीच्यांसमोर घेतलेल्या मतदानातून खरे कळतही नाही. पण त्यांना शांतपणे बसवून त्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजून दाखवायची सोय नियमात असती, तर तो प्रश्न एका दुपारी मिटला असता.

आपली यंत्रे परदेशीही गेली. नामिबियाने 2014 ला ती वापरली, आफ्रिकेतला पहिला देश म्हणून कौतुकही झाले. पण कागद निघणारे यंत्र त्यांनी घेतले नाही. 2019 च्या निवडणुकीनंतर पांडुलेनी इतुला न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुराव्याशिवाय यंत्रे वापरणे घटनाबाह्य ठरवले, निकाल मात्र कायम ठेवला. नामिबिया मतपत्रिकेकडे परतला. बांगलादेशातही 150 जागांवर यंत्रे वापरायचा बेत होता. तो 2023 मध्ये सोडला आणि पुढची निवडणूक कागदावर झाली. फिलिपिन्सने 2010 ला वेगळी वाट धरली: मतदार कागदावरच खूण करतो, मोजते यंत्र. मतदानाच्या आठवडाभर आधी चाचणीत यंत्रांची मेमरी कार्डे चुकीची निघाली आणि 76,000 च्या आसपास कार्डे धावपळ करून बदलावी लागली. तरी मूळ मतपत्रिका हातात राहते म्हणून, आज कोणी नवा देश मला विचारेल तर त्याला मी हीच वाट आधी दाखवीन.

आता मोबाइल. यूपीआयने भाजीवाल्याला पैसे जातात मग मत का जाऊ नये, हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात कोणीतरी विचारायचेच. पैशाच्या व्यवहारावर दोघांची नावे असतात, पासबुकात नोंद येते, चुकले तर बँक परत करते. मतावर नाव असताच कामा नये, आणि ते चुकीचे गेले तर परत द्यायची सोय नाही. नावाशिवायही बरोबर मोजले गेले हे हरलेल्याला दाखवता आले पाहिजे. ही दोन्ही कामे मोबाइलवर एकत्र साधत नाहीत.

यापेक्षा मोठे कारण मी शाळेच्या वर्गातल्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे पाहिले आहे. मत द्यायला आलेल्या बाईला घरातून निघताना सासऱ्याने चिन्ह सांगितलेले असते, वाड्यावरून निरोप आलेला असतो, वाटेत कोणी पाकीट दिलेले असते. आडोशामागे ती बाई एकटी असते. अर्धा मिनिट तिच्यामागे कोणी उभे राहू शकत नाही. राहिला तर केंद्राध्यक्ष त्याला बाहेर काढतो. मोबाइल घरात असतो, आणि घरात सासराही असतो. पाकीट देणारा समोर बसून बटण दाबून घेईल. एस्टोनिया 2005 पासून इंटरनेटवरून मत घेतो, पण तिथली लोकसंख्या जेमतेम चौदा लाख. बिहारमध्ये जून 2025 ला नगरपालिकांच्या निवडणुकीत मोबाइल अ‍ॅपवरून मत देण्याची सोय केली गेली. आजारी आणि गावाबाहेर असलेल्यांची अडचण खरी आहे, हे मी नाकारत नाही. पण त्यांच्यासाठी दुसरा उपाय शोधला पाहिजे.

बीडचा ऊसतोड मजूर हे त्याचे सगळ्यात मोठे उदाहरण. 2024 ला विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला आले, म्हणजे कोयता घेऊन टोळ्या निघायच्या दिवसांत. ज्याला फडावरून गावी यायला दोन दिवसांची मजुरी आणि भाडे जाते, त्याचे मत यंत्रापर्यंत पोचतच नाही. आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये एक रिमोट यंत्र मांडले होते, एकाच केंद्रावरून 72 मतदारसंघांची मते घेणारे. पक्षांनी विरोध केला आणि विषय मागे पडला. विरोधाचे कारण रास्त होते: दूरच्या जिल्ह्यातल्या केंद्रावर छोट्या उमेदवाराचा एजंट कोण बसणार? पण तो प्रश्न सोडवण्यासारखा आहे. साखर कारखान्याच्या तळावर केंद्र ठेवा, कागद ठेवा, एजंटांच्या प्रवासाचा खर्च आयोगाने करावा.

शेवटी आपल्या अगदी दाराशी असलेली गोष्ट. महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्या यंत्रांना व्हीव्हीपॅट नसते. वर बहुतेक महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग, म्हणजे एका प्रभागातून अनेक नगरसेवक. एका मतदाराने अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणे दाबायची. एक बटण दाबून निघालेल्या मतदाराला परत बोलवावे लागते, तो गोंधळतो, मागची रांग ओरडते. लोकसभेला कागद आणि वॉर्डाला कागद नाही, याचे समर्थन मला करता येत नाही. जिथे फरक दहा-वीस मतांचा असतो तिथेच कागदाची गरज सगळ्यात जास्त असते.

तुम्हाला स्वतः काही करायचे असेल तर पुढच्या लोकसभा-विधानसभेला कोणत्याही उमेदवाराकडून, अपक्षाकडूनही चालेल, नमुना 10 वर पोलिंग एजंट म्हणून नेमणूक घ्या. साडेपाचला केंद्रावर हजर राहा. दोन तरी उमेदवारांचे एजंट नसतील तर केंद्राध्यक्ष पंधरा मिनिटेच थांबतो, मग आपल्या कर्मचाऱ्यांसमोर मॉक पोल उरकतो. तिन्ही यंत्रांचे क्रमांक आणि हिरव्या पट्टीचा क्रमांक लिहून घ्या, क्लिअर दाबल्यावर शून्य स्वतः पाहा, दर दोन तासांनी टोटल आणि 17 ए जुळवून मागा. संध्याकाळी 17 सी ची सहीची प्रत घेतल्याशिवाय उठू नका, आणि ती त्याच रात्री तुमच्या उमेदवाराच्या मतमोजणी प्रतिनिधीकडे पोचती करा, कारण टेबलावर रिझल्ट दाबण्याआधी आकडा जुळवायला त्याला तीच प्रत लागते.